कोपराशी ढील नाही

अर्थिंगकाकांनी त्या दिवशी जे केलं ते निव्वळ सवयीने केलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे खात्याच्या चौकशीत, बिल्डिंगच्या जिन्यात आणि खुद्द त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांना नाना हेतू चिकटवण्यात आले. हेतू वगैरे काही नव्हता. सकाळची वेळ होती, चहा झाला होता, जेवणाच्या टेबलावर एक मोठा नकाशा पसरून ठेवलेला होता आणि शेजारी लाल पेन होतं. चौतीस वर्षं वीजखात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसासमोर नकाशा आणि लाल पेन एकत्र ठेवणं हे शेंबड्या पोरासमोर ओलं सिमेंट ठेवण्यासारखं आहे. बोट उमटणारच.

काकांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी ते अर्थिंगकाका. कुणाच्याही घरी गेले की हातात पाण्याचा पेला घेण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न, "अर्थिंग दिलंय ना?" दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना तर काकांनी दाढ काढून घेताना, तोंडात कापसाचे बोळे असताना, त्यांच्या खुर्चीच्या अर्थिंगबद्दल विचारलं होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण खातं काकांमधून निवृत्त व्हायला तयार नव्हतं.

तर तो नकाशा. काकांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. इतकं भयंकर वायरिंग त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. विजेच्या आणि टेलिफोनच्या वायरी एकाच नळीतून गळ्यात गळे घालून चालल्या होत्या. निऑनचे दिवे होते, पण त्यांना लागणारा ट्रान्सफॉर्मर कुठेच नव्हता. मध्येच एक वायर काटकोनात वळत होती. आणि अर्थिंग? छे! नाव नको. काकांनी पेन उचललं. अर्ध्या तासात त्यांनी चौदा ठिकाणी गोल केले, प्रत्येक गोलातून बाण बाहेर काढला, बाणाच्या टोकाला शेरा लिहिला. "नळी वेगळी करावी." "लोड जास्त." "कोपराशी ढील नाही. हात वाकवल्यास वायर तुटेल." "अर्थिंग नाही!!" खाली दोन ठसठशीत रेघा. आणि शेवटी, ज्या शब्दांनी शहरातल्या कंत्राटदारांच्या तीन पिढ्या घामाघूम झाल्या होत्या ते शब्द: "नामंजूर. सुधारून पुन्हा सादर करावे." त्याखाली सही, तारीख आणि हुद्दा, वरिष्ठ निरीक्षक.

कोपर असलेला नकाशा आपण याआधी कधी तपासला नव्हता, हे सही करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

इतक्यात त्यांची धाकटी मुलगी केस पुसत बाहेर आली. टेबलाकडे पाहिलं आणि टॉवेल तिच्या हातातून गळून पडला.

"बाबा, हे काय केलंत?"

"तपासलं," काका म्हणाले. "बरंच काम बाकी आहे."

"हा हात आहे!"

"ते नंतर कळलं मला."

धाकटी टॅटू काढायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत, लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर तिचा स्टुडिओ होता. तिथे काकांनी तीन वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर ते सांगत, "मुलगी चित्रकलेत आहे." समोरच्याने खोदून विचारलंच तर, "सूक्ष्म चित्रकला." त्यापलीकडे कुणी गेलं तर काका त्याच्या घरच्या अर्थिंगची चौकशी करत आणि विषय आपोआप मिटत असे.

"मोठं प्रदर्शन आहे बाबा, महिन्यानंतर. स्पर्धा आहे. सायबरपंक विषय दिलाय." धाकटीचा आवाज रडवेला झाला होता. "तीन आठवडे खपून काढलंय मी. अकरा वाजता तो माणूस येणार आहे, ज्याच्या हातावर हे काढायचंय. दुसरी प्रत नाही माझ्याकडे."

"सायबरपंखा?" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं. "टेबलावरचा की छताचा?"

"पंक, आई! पंक! भविष्यातलं शहर. सगळीकडे यंत्रं, निऑनचा झगमगाट, आणि माणसं अर्धी माणसं, अर्धी मशीन. कातडी उघडली की आत वायरी."

"मग त्या भविष्यात काय शॉक बसत नाहीत?" काकांनी विचारलं. खरंतर इथे गप्प बसायचं असतं. पण काका दुखावले होते. चौदा शेरे, एकही चुकीचा नाही, आणि आभार मानायचं सोडून पोरगी रडते! धाकटीने कागदाची गुंडाळी केली, चपला पायात सरकवल्या आणि दार असं आपटलं की मीटरच्या पेटीचं झाकण उघडलं.

"जा आता मागे," काकू म्हणाल्या. "माफी मागा."

"चूक ड्रॉइंगमध्ये आहे."

"अहो, जा."

काका गेले. 'माफी' हा शब्द न वापरता माफी कशी मागता येईल याचा मसुदा ते वाटेत करत होते. लॉन्ड्रीचा जिना चढून ते स्टुडिओच्या दारात पोचले, तेव्हा तो माणूस आधीच आलेला होता. माणूस कसला, जिममास्तर होता. त्याचा एक दंड काकांच्या मांडीएवढा होता. कागद त्याने दोन हातांत धरला होता, आणि धाकटी भिंतीला टेकून, डोळे मिटून, जे काय होईल ते होऊ दे अशा चेहऱ्याने उभी होती.

"हे कुणी लिहिलं?" जिममास्तरने विचारलं.

"मी," काका दारातून म्हणाले. पळायचं झालं तर जिना मोकळा आहे ना, तेही त्यांनी पाहून घेतलं.

"कोपराशी ढील नाही," जिममास्तरने वाचलं. मग आपला उजवा कोपर दुसऱ्या हाताने कुरवाळला. "गेल्या वर्षी याच कोपराचा स्नायू फाटला माझा. डॉक्टरने हेच सांगितलं. फक्त त्याला त्यासाठी चार तपासण्या लागल्या. तुम्हाला नुसत्या कागदावरून कसं कळलं?"

"अनुभव," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मला हे हवंय."

"अहो, मी नवीन काढून देते ना, अगदी स्वच्छ," धाकटी घाईघाईने म्हणाली.

"नको, नको! हे असंच. लाल गोल, बाण, शेरे, सगळं. खाली ते 'नामंजूर', सहीसकट. मॅडम, अर्धं मशीन झालेली माणसं गल्लोगल्ली फिरतायत. पण तपासून घेतलेलं मशीन कुणाकडे आहे का?"

धाकटीने डोळे उघडले. कागदाकडे पाहिलं. काकांच्या बाजूने सांगायचं तर त्या क्षणी त्यांनी चेहऱ्यावर समाधानाची रेषही उमटू दिली नाही. ते फक्त म्हणाले, "पण अर्थिंग दिल्याशिवाय मी सही उतरवू देणार नाही."

इथून पुढे जे झालं त्याला काका एकटे जबाबदार नाहीत. अर्थिंग हातात संपून चालत नाही, ते जमिनीला मिळावं लागतं, ही काही त्यांची लहर नव्हती. तो निसर्गाचा नियम आहे. त्यामुळे एक हिरवी वायर मनगटाशी सुरू होऊन दंडावरून, बगलेतून, बरगड्यांच्या कडेने, मांडी, गुडघा, पोटरी करत टाचेपर्यंत जाणं भाग होतं. धाकटी आधी हसली. मग तिने पेन्सिल घेतली आणि जिममास्तरला उभं करून ती रेघ नुसती आखून पाहिली. आणि दोन पावलं मागे सरकली. एका धिप्पाड माणसाच्या अंगावरून उतरत गेलेली ती एकच बारीक हिरवी रेघ अशी काही दिसत होती की लॉन्ड्रीवाला कपडे द्यायला वर आला होता तोसुद्धा कपडे विसरून पाहत राहिला.

काम तीन आठवडे चाललं. काका रोज दहाला स्टुडिओत हजर. "सुपरव्हिजन लागतं," असं घरी सांगून निघायचे. दंडापर्यंत जिममास्तरने हूं का चूं केलं नाही. पण टाचेवर सुई आली आणि तो गडी लहान मुलासारखा रडायला लागला. काकांनी त्याचा हात हातात घेतला आणि सबस्टेशनला आग लागली होती त्या दिवसाची हकिकत सांगायला सुरुवात केली. ती हकिकत दोन तास चालते. टाच सव्वा तासात झाली. उरलेला पाऊण तास जिममास्तर शर्ट घालून ऐकत बसला, कारण पुढे काय झालं ते त्याला कळायलाच हवं होतं.

जिममास्तरच्या जिममध्ये माणसं येत होती, आणि त्यांना डोळे होते. आठवडाभरात स्टुडिओच्या जिन्यात रांग लागली. सगळ्यांना वायरी हव्या होत्या, चिप हव्या होत्या, पण मुख्य म्हणजे काकांचा शेरा हवा होता. आता काका काही उगाच शेरा देणाऱ्यातले नव्हते. ते गिऱ्हाइकाला समोर बसवून रीतसर तपासणी करत. "डोकं दुखतं? कधी? संध्याकाळी? रोज? मग लोड आहे." बँकेतल्या कॅशियरबाईंच्या मानेवर चिप निघाली आणि खाली शेरा, "संध्याकाळी सातनंतर सप्लाय बंद ठेवावा." एका बेकरीवाल्याच्या हातावर लोखंडी बोटं आली, "तापमान जास्त. हवा खेळती ठेवावी." नुकताच घटस्फोट घेतलेल्या एक बाई आल्या, त्यांनी मनगटावर दोन तुटलेल्या वायरी मागितल्या. काकांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, "जुने कनेक्शन रीतसर तोडले आहे. बाकी वायरिंग उत्तम." बाई वाचून हसल्या, मग थोड्या रडल्या, मग जाताना काकूंसाठी बिस्किटांचा डबा ठेवून गेल्या.

बिल्डिंगमध्ये अर्थातच सल्ले सुरू झाले. दातांचे डॉक्टर म्हणाले, अर्धं मशीन दाखवता तर दात का दाखवत नाही, भविष्यात दातांना फार महत्त्व येणार आहे. तळमजल्यावरच्या वकीलबाईंनी सांगितलं, प्रत्येक सहीमागे साक्षीदाराच्या दोन सह्या घ्या, त्याही अंगावरच. सेक्रेटरींना वेगळीच चिंता होती. काही गिऱ्हाइकं काकांना गाठायला थेट घरी येऊ लागली होती. त्यांच्या हातांवरच्या उघड्या वायरी बघून चौथ्या मजल्यावरच्या आजींनी लिफ्टमध्ये शिरायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: "अर्धयंत्र पाहुण्यांनी कृपया जिन्याचा वापर करावा." काकांनी ती वाचली आणि खाली लाल पेनाने लिहिलं, "लिफ्टलाच अर्थिंग नाही." सेक्रेटरींनी चार दिवस बोलणं टाकलं.

आणि मग खात्याचं पत्र आलं.

झालं असं होतं. खात्याचा एक नवा निरीक्षक जिममध्ये मीटर तपासायला गेला. त्याला लोड जास्त आढळला. तसं त्याने सांगताच जिममास्तरने शांतपणे बाही वर केली आणि म्हणाला, "आमची तपासणी झालेली आहे. सही बघा." निरीक्षकाने सही पाहिली. खात्याच्या जुन्या फायलींवर हजारो ठिकाणी असलेली तीच सही, तोच हुद्दा, आणि तारीख निवृत्तीनंतर दोन वर्षांची. त्याने जिममधल्या बाकीच्यांच्या अंगावरच्या सह्याही मोजल्या आणि जागच्या जागी अहवाल लिहिला.

पत्रात म्हटलं होतं की, आपण सेवानिवृत्तीनंतर हुद्द्याचा वापर करून विहित नमुन्यात नसलेल्या अकरा पृष्ठभागांवर शेरे मारल्याचे निदर्शनास आले असून, नमुन्यादाखल एका मूळ दस्तऐवजासह खुलाशासाठी समक्ष हजर राहावे. तारीख आणि वेळ पाहून धाकटीने कपाळावर हात मारला. प्रदर्शनाचा दिवस होता. चौकशी सकाळी अकरा वाजता. स्पर्धा दुपारी चार वाजता. आणि खात्याला हवा असलेला मूळ दस्तऐवज म्हणजेच तिची स्पर्धेतली कलाकृती.

काका दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण चव सांगितली नाही. चौतीस वर्षांत त्यांच्या नावावर एक साधी ताकीद नव्हती. रजेचा अर्जसुद्धा त्यांनी कधी उशिरा दिला नव्हता. "अकरा पृष्ठभाग," ते पुन:पुन्हा म्हणत. "अकराही नीट तपासले होते हो."

चौकशीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सोबत धाकटी आणि जिममास्तर. टेबलापलीकडे ज्या अधिकारीबाई बसल्या होत्या त्या कधीकाळी काकांच्याच हाताखाली शिकाऊ म्हणून होत्या. त्यांची पहिली फाइल काकांनी सात वेळा परत पाठवली होती. बाईंना ते आठवत असावं, कारण काकांना बघताच त्या उठून उभ्या राहिल्या आणि मग आपण अधिकारी आहोत हे लक्षात येऊन पुन्हा बसल्या.

पहिली अडचण हेडक्लार्कने काढली. "मूळ दस्तऐवज फाइलला जोडावा लागेल."

"मी ब्याण्णव किलोचा आहे," जिममास्तर म्हणाला.

हेडक्लार्कने फाइलकडे पाहिलं, जिममास्तरकडे पाहिलं, पंचिंग मशीनकडे पाहिलं, आणि झेरॉक्सवर तडजोड केली. जिममास्तरने हात मशीनच्या काचेवर ठेवला. काच तडकली. लगेच काच तडकल्याची वेगळी नोंद झाली. मग टाच दाखवायला बूट काढावा लागला, मोजा काढावा लागला, आणि हिरवी वायर सलग आहे की मध्ये तुटलीय हे पाहण्यासाठी दोन क्लार्क फूटपट्टी घेऊन जमिनीवर ओणवे झाले. दुपारचे दोन वाजले. धाकटी घड्याळाकडे पाहून नखं खात होती.

"सर," अधिकारीबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सोपा रस्ता आहे. मुलीने तुमच्या परवानगीशिवाय सही उतरवली, एवढं एक वाक्य लिहून द्या. तुमच्यावर काही येणार नाही. फाइल इथेच बंद करते."

"लिहा बाबा," धाकटी म्हणाली. "मला चालेल. काय फरक पडतो?"

काकांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "सांगतो, टाइप करून घ्या," ते हेडक्लार्कला म्हणाले. मग उभे राहिले, कारण जबाब बसून द्यायचा नसतो असं त्यांचं मत होतं. "सही माझी आहे. शेरा माझा आहे. तपासणी प्रत्यक्ष जागेवर केलेली आहे. सहीखाली हुद्दा लिहिला ही चूक, ती सवयीने झाली, ती मला मान्य आहे. चित्र माझ्या मुलीने काढलेलं आहे. ती..."

ते थांबले.

"ती काय, साहेब?" हेडक्लार्कने विचारलं.

"ती टॅटू काढते," काका म्हणाले. "स्वतःचा स्टुडिओ आहे तिचा. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर इतक्या सफाईचं ड्रॉइंग आलं नाही. लिहा तसं."

"'सफाईचं'नंतर स्वल्पविराम देऊ?"

"नको."

नियमाप्रमाणे जबाब मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. हेडक्लार्कने तो अगदी सावकाश, रेशनची यादी वाचावी तसा वाचला. धाकटी खिडकीतून बाहेर पार्किंगकडे पाहत होती. तिथे पाहण्यासारखं काहीही नव्हतं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "पुन्हा एकदा वाचा ना. मला नीट ऐकू आलं नाही." हेडक्लार्कने पुन्हा वाचला. तिने नाक पुसलं आणि काकांच्या शर्टची दुमडलेली कॉलर उगाचच सरळ केली.

तीन वाजत आले. सगळे उठले. तेव्हा हेडक्लार्क दारात आडवा उभा राहिला. "दाखल झालेला दस्तऐवज कार्यालयाबाहेर नेता येत नाही."

"अहो, हा माणूस आहे!" धाकटी ओरडली.

"माणूस जाऊ दे. हात दाखल झालाय."

या पेचावर नियमांच्या पुस्तकात थेट उत्तर नव्हतं, पण काकांना आडवाट ठाऊक होती. खातं कोळून प्यायलेला माणूस होता तो. "कलम आठवतंय का बाई?" त्यांनी अधिकारीबाईंना विचारलं. "दस्तऐवज जागेवर पाहणीसाठी न्यायचा झाला तर?"

अधिकारीबाईंचे डोळे चमकले. "तर अधिकाऱ्याने सोबत जायचं. शिपाई, वाहन आणि गेटपास."

अशा रीतीने खात्याची शिडी लावलेली पिवळी गाडी, आत अधिकारीबाई, हेडक्लार्क, शिपाई, काका, धाकटी आणि मांडीवर उजव्या हाताचा गेटपास धरून बसलेला जिममास्तर, पावणेचारला प्रदर्शनाच्या हॉलवर येऊन थडकली. काकू आधीच येऊन पहिल्या रांगेत रुमाल टाकून बसल्या होत्या. हॉलमध्ये जांभळा अंधार होता, भिंतींवर निऑनचे दिवे, आणि जिकडेतिकडे लोखंडी जबडे, लाल डोळे, बारकोड असलेल्या माना. शिडीची गाडी आणि शिपाई पाहून आयोजकांना वाटलं वीज कापायला आलेत. ते हात जोडत पळत आले.

जिममास्तर मंचावर चढला. धाकटीने दिवा मनगटावर टाकला आणि हळूहळू खाली आणला. हिरव्या रेघेसोबत सगळ्या हॉलची नजर दंडावरून बरगडीवर, बरगडीवरून गुडघ्यावर उतरत गेली आणि टाचेशी येऊन थांबली. मग एका परीक्षकाने विचारलं, "हे लाल लिहिलंय काय? आणि ही वायर शेवटी जाते कुठे?"

धाकटीने माईक काकांच्या हातात दिला.

काका बोलायला उभे राहिले ते सत्तावीस मिनिटं. प्रत्येक स्पर्धकाला चार मिनिटं होती, पण थांबवायला कुणी गेलं नाही. यंत्र कितीही भारी करा, ते म्हणाले, डोळ्यात कॅमेरा बसवा, मेंदूत चिप घाला, पण कधीतरी जादा करंट येणारच. तो जाणार कुठे? त्याला जमिनीची वाट पाहिजे. माणसाला काय आणि मशीनला काय, कुणीतरी पाय जमिनीला टेकवून द्यावे लागतात. इतकं बोलून ते मूळ विषयावर, म्हणजे तांब्याच्या पट्टीच्या जाडीवर, आले आणि तिथेच रमले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लोखंडी जबडेवाले पुढे येऊन आपापले हात दाखवू लागले. "काका, माझं बघा ना जरा." "काका, माझ्या मानेत लोड आहे का?"

पहिलं बक्षीस एका लाल डोळ्याला गेलं. धाकटीला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांनी कारण असं दिलं की काम सर्वोत्तम आहे, पण त्यावर 'नामंजूर' लिहिलेलं असताना ते मंजूर करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड गेलं. काकांना हे लगेच पटलं. ते म्हणाले, परीक्षक माहीतगार आहेत.

अधिकारीबाईंनी पाहणीचा अहवाल तिथेच, मंचाच्या कडेला बसून लिहिला. निवृत्त निरीक्षकांना सौम्य ताकीद देण्यात येत आहे, सर्व अकरा दस्तऐवजांवर हुद्द्यापुढे तीस दिवसांच्या आत "(नि.)" म्हणजे निवृत्त असे दुरुस्त करून घ्यावे, अर्थिंग योग्य. पुढच्या आठवड्यात अकरा जण रांगेत बसले आणि धाकटीने प्रत्येकाच्या अंगावर कंसात एक 'नि' काढला. बाराव्या खुर्चीत हेडक्लार्क होता. त्याला दंडावर फक्त एक बारीकसा पंचिंगचा गोल हवा होता.

त्या शनिवारी गिऱ्हाइकं गेल्यावर काकू पिशवी घेऊन जिना चढून वर आल्या. काकांना वाटलं डबा आणला. काकूंनी पिशवी कोपऱ्यात ठेवली, बांगड्या वर सारल्या आणि खुर्चीत बसल्या.

"मलाही काढ गं," त्या धाकटीला म्हणाल्या. "लहानसं. इथे, मनगटावर. तुमच्या त्या सायबरपंख्यातलं."

"अगं, या वयात?" काका म्हणाले.

"मग कोणत्या वयात? पुढच्या?"

काय हवंय ते त्यांनी धाकटीच्या कानात सांगितलं. धाकटी इतकी हसली की तिला पाच मिनिटं सुई धरता येईना. काकांनी काकूंचा दुसरा हात हातात घेतला. सुई चालू झाली तशी त्यांनी डोळे गच्च मिटले.

"दुखतंय का फार?" त्यांनी विचारलं.

"हो. जरा हळू दाबा माझा हात."

वीस मिनिटांनी काकांनी डोळे उघडले. काकूंच्या मनगटावर एक छोटंसं, सुबक बटण होतं. भिंतीवर असतं तसं, दोन बारीक स्क्रूंसकट. काकांनी चष्मा लावून ते सगळ्या बाजूंनी न्याहाळलं.

"काम छान आहे," ते म्हणाले. "पण हे जोडलंय कुठे? वायरच दिसत नाही."

"कळेल," काकू म्हणाल्या.

घरी जेवताना काकांनी विषय काढला. बिनवायरीचं बटण ही कल्पनाच मुळात घातक आहे, कारण बटण दिसलं की माणूस ते दाबणार, आणि दाबल्यावर काहीच झालं नाही तर तो आधी फ्यूज बघणार, फ्यूज ठीक असेल तर मीटर बघणार, आणि मीटरच्या बाबतीत तुला सांगतो, एकोणऐंशी साली आमच्याकडे एक...

काकूंनी मनगटावरचं बटण दाबलं.

काका थांबले. घास हातातच. धाकटीने पाण्याचा पेला तोंडाला लावून चेहरा लपवला. घरात इतकी शांतता झाली की शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येऊ लागला. सगळे मुकाट्याने जेवू लागले. एक मिनिट गेलं. दोन गेली. काकू भाताकडे पाहत होत्या, खिडकीकडे पाहत होत्या, मग काकांकडे. काका अगदी शहाण्यासारखे जेवत होते.

चौथ्या मिनिटाला काकूंनीच हुश्श केलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"हं, बोला. एकोणऐंशी साली काय?"

"मीटर आला होता," काका तिथूनच पुढे म्हणाले, "तो उलटा फिरायचा."